नळीला न मानवलेली गोळी

उराकोनाई
६ नोव्हेंबर २०००

किवावहिनी,

खुशाली विचारत नाही. मी फोनच करणार होतो, पण सदाएने रिसीव्हर हातातून काढून घेतला. म्हणाली, "तोंडाने बोलाल ते परत घेता येणार नाही. लिहा. लिहिताना माणूस जरा थांबतो." मी थांबणार नाहीये.

ऑक्टोबरात तुमच्या दुकानातून ज्या तांब्याच्या गोळ्या घेतल्या, त्यांचे दोन डबे इथे पडून आहेत. ते घेऊन जा आणि कुशिरोच्या बंदरात बुडवा. यंदापासून हरणावर शिसं चालवायचं नाही, कबूल. कायदा आहे, मी मानला. पण शिशाच्या बदल्यात जे गळ्यात मारलंत, ते गोळी म्हणून विकायला लाज वाटायला हवी होती.

शनिवारची गोष्ट सांगतो. मी आणि हिरुमा नदीकाठी बसलो होतो. हरिणी एकशेवीस मीटरवर आडवी उभी राहिली. वारा नाही. रायफल पिशवीवर टेकवलेली. त्रेचाळीस वर्षं मी हे करतोय, वहिनी. असं हरीण मी झोपेतसुद्धा चुकणार नाही. चाप ओढला, ती पाठीतून वाकली आणि बांबूगवतात शिरली. जाऊन पाहिलं तर गवतावर हिरवा चोथा. पोटात लागली होती. खांद्यामागे धरलेली गोळी वीतभर मागे.

अंधार पडेपर्यंत माग काढला. सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्यात. कोल्ह्यांनी मागच्या बाजूने खायला सुरुवात केली होती आणि ती जिवंत होती. माझ्याकडे बघत होती. सुरीने संपवली. पुढचं लिहीत नाही.

हिरुमा परतताना म्हणाला, "योशितोमो-सान, एक तर डोळे तपासून घ्या, नाहीतर वहिनी बदला." गाडीत आणखी दोघं होते. सगळे हसले.

उत्तर द्या.

योशितोमो


नुकागा बंदूकघर, कुशिरो
१० नोव्हेंबर

भावजी,

पत्र दोनदा वाचलं. एकदा राग आला म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्यात रागाशिवाय काही कामाचं आहे का ते बघायला. थोडंसं आहे.

हरिणीचं वाचून त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. ते खरं आहे म्हणून लिहिते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

आता ऐका. गोळीला शिव्या देण्याआधी रायफल तपासायची असते, हे तुमच्या दादांनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल. दस्त्याचे दोन्ही स्क्रू आणि दुर्बिणीच्या बैठकीचे चारही स्क्रू घट्ट आहेत का बघा. नुसते हाताने चाचपू नका, पिळून बघा. मग नळी. शेवटची कधी धुतलीत? तेलाची चिंधी फिरवणं म्हणजे धुणं नव्हे. जुन्या गोळीच्या पोटात शिसं असलं तरी अंगावर तांब्याचा पत्रा असतो. वीस वर्षं त्याचं पूट नळीतल्या आट्यांत, त्या वळणाऱ्या खाचांत, बसत आलंय. शिसं मऊ असतं, ते चालवून घेतं. नवी गोळी आरपार तांब्याची. ती त्या पुटावरून घासत जाते आणि भरकटते. सोबत कागदावर औषधाचं नाव लिहिलंय. वास उग्र आहे, खिडकी उघडी ठेवा. चिंधी निळी निघेल. निळी निघायची थांबेपर्यंत धूत राहा, आणि कंटाळलात की आणखी एक दिवस.

मग मैदानावर शंभर मीटरवरून पाच गोळ्या झाडा, मध्ये नळी गार होऊ द्या, आणि निशाणाचा कागद मला पाठवा. तोंडी वर्णन नको. वर्णन करताना तुम्ही सगळे पुरुष भोकं जवळ आणता.

आणि लाजेबद्दल. कायदा मी केला नाही. तो येणार हे ज्या माणसाने अडीच वर्षांपूर्वी तुम्हाला उभं राहून सांगितलं, त्याच्याशी तुम्ही सगळे कसे वागलात ते आठवा. मग दुकानदाराच्या लाजेवर बोलू.

किवा


उराकोनाई
१९ नोव्हेंबर

किवावहिनी,

स्क्रू पिळले. सहाही घट्ट होते. दादाने बसवलेले होते, ढिले कसे असतील.

नळी धुतली. चार दिवस. पहिल्या दिवशी चिंधी सदाएच्या निळीत रंगवलेल्या एप्रनसारखी निघाली, हे कबूल करतो. गोठ्याच्या पडवीत बसून धुतली, तर त्या वासाने दोन गाईंनी दुधाला उशीर केला. चौथ्या दिवशी चिंधी पांढरी आली. तेव्हा मला वाटलं, चला, वहिनीचं खरं निघालं, आता माफी मागावी लागणार.

नाही मागावी लागली. सोबत दोन कागद आहेत. पहिला तुमच्या तांब्याच्या गोळ्यांचा. पाच भोकं, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत. धुण्याआधी याहून वाईट होती, पण हरिणीला तो फरक कळला नसता. दुसरा कागद माझ्या जुन्या शिशाच्या गोळ्यांचा. मैदानावर त्यांना बंदी नाही, म्हणून झाडल्या. तीच रायफल, तोच माणूस, तीच दुपार. तीन भोकं तीन बोटांखाली झाकली जातात. बघा आणि सांगा, दोष कुणाचा.

मैदानावर हिरुमा होता. तांब्याचा कागद हातात घेऊन म्हणाला, "हे नेमबाजीचं नाही, पेरणीचं काम आहे."

दादाला मध्ये आणू नका. तो माझा भाऊ होता, तुमच्या आधीपासून.

योशितोमो


नुकागा बंदूकघर, कुशिरो
२५ नोव्हेंबर

भावजी,

कागद पाहिले. डोळे ठीक आहेत तुमचे. हातही.

एक मोजमाप करून पाठवा. नळीतले आटे किती लांबीत एक पूर्ण वेढा घेतात ते बघायचंय. नळी साफ करायचा गज घ्या, मूठ फिरती असेल तो. त्याला घट्ट चिंधी लावा आणि नळीच्या तोंडातून आत ढकला. गजावर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. हळूहळू आत सारा. चिंधी आट्यांबरोबर फिरेल, तसा गजही फिरेल. खूण एक फेरा मारून परत वर आली की गज किती आत गेला ते पट्टीने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. मोजून आकडा कळवा, मग पुढचं सांगते.

दादांना मध्ये आणू नका म्हणता. मी त्यांना मध्ये आणलं नाही, ते मध्येच आहेत. शिकाऱ्यांच्या ज्या सभेत ते उभे राहिले, त्या सभेला एकतीस माणसं होती. ते म्हणाले, "आपण टाकून येतो त्या हरणांच्या मांसातलं शिसं खाऊन गरुड मरताहेत. आपल्याला कुणी भाग पाडायच्या आधी आपणच बदलू या." तर मागून कुणी तरी म्हणालं, "मग जा, गरुडाशीच लग्न कर." हशा झाला. यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टोपी मांडीवर घेऊन तिच्या कडेची शिवण बघत होतात. घरी येऊन यांनी मला एवढंच सांगितलं. रागावून नाही. "योशी टोपीची शिवण बघत होता," एवढंच.

त्यानंतर उराकोनाईहून दुकानात कुणी आलं नाही. यांचं आजारपण सुरू झालं तेव्हाही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तुम्ही आलात ते अंत्यविधीला, काळा कोट घालून. तोवर दोन वेळा फोनवर विचारपूस केलीत, तीही सदाएने लावून दिलेल्या फोनवर.

आकडा पाठवा.

किवा


उराकोनाई
८ डिसेंबर

वहिनी,

आकडा-बिकडा काही नको. माझी अडचण सुटली आहे. गेल्या आठवड्यात दोन हरणं पाडली, दोन्ही जागच्या जागी. हिरुमाचं तोंड बंद झालं.

आता लिहू नका. मलाही गोठ्यात कामं असतात.

योशितोमो


नुकागा बंदूकघर, कुशिरो
१२ डिसेंबर

भावजी,

कशी सुटली?

नळी तीच, गोळी बदललेली नाही, कारण माझ्याकडून दुसरी नेलेली नाही. कागदावर ताटभर पसरणारी गोळी आपोआप जंगलात जाऊन शहाणी झाली? मी तीस वर्षं या गल्ल्यावर उभी आहे. अडचण कशी सुटली ते मला कळतं. तुमच्या कपाटात खालच्या फळीवर शिशाच्या गोळ्यांचा जुना डबा आहे, तोही मला ठाऊक आहे, कारण तो यांनीच तुम्हाला दिलेला.

हे हिरुमाने केलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. तो तसाच आहे. पण तुमच्या भावाला शेवटचे सहा महिने धड अन्न जात नव्हतं, आणि तो पलंगावर पडून कुणाला पत्रं लिहीत होता? सगळ्या शिकाऱ्यांना. एकेकाला. 'ही गोळी वापरून बघ, ही रायफलला अशी बसते, घाई करू नको.' तुम्हालाही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. जे थांबवायला गेला म्हणून तो माणूस एकटा पडला, तेच तुम्ही आता लपून करताय, हिरुमाने हसू नये म्हणून. तुम्हाला एवढं सोपं वाटलं?

मला तुमची तक्रार करता येईल. करणार नाही, कारण सदाएला त्या घरात राहायचंय. पण मनातून तुम्ही उतरलात. जे थोडे उरला होतात तेही.

किवा


उराकोनाई
१७ जानेवारी २००१

वहिनी,

लिहू नका म्हणालो होतो आणि आता मीच लिहितोय. नवं वर्ष कधी आलं आणि गेलं कळलं नाही. हे पत्र तीनदा फाडलं.

तुमचा अंदाज बरोबर होता. डिसेंबरात चार हरणं मारली, चारही शिशाने. तिसरं हरीण नदीपलीकडे पडलं. बर्फ मऊ होता. मागचे पाय आणि पाठीचं मांस घेतलं, बाकीचं तिथेच ठेवलं. पुरायला हवं होतं. जमीन दगडासारखी झाली होती, आणि मी थकलो होतो. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही कारणं नव्हेत. आजवर कधी पुरलं नव्हतं, हे कारण.

नऊ तारखेला गाईंना चारा टाकून नदीवर गेलो. बर्फावर मोठा गरुड बसलेला दिसला. पिवळी चोच, खांद्यावर पांढरं. मी जवळ गेलो तरी उडाला नाही. मान खाली घातलेली, पंख दोन्ही बाजूंना लोंबलेले, म्हातारी कोट सावरत बसावी तसे. खाली बर्फावर हिरवी घाण. श्वास घेताना आवाज येत होता. मी हात पुढे केला तर चोच उघडली, पण मारली नाही. हा पक्षी वहिनी, माशाची पाठ एका फटक्यात मोडतो. मला त्याने मारायला हवं होतं.

वासरांना थंडीत घालतो ते जाकीट आणलं, त्यात गुंडाळून उचलला. हलका होता, एवढ्या आकाराला नको तेवढा हलका. सदाएने मांडीवर घेतला, डोक्यावर टॉवेल टाकला. मी कुशिरोपर्यंत सत्तर किलोमीटर गाडी चालवली. तुमच्या दुकानावरूनच गेलो. तुम्ही काचेला फडकं मारत होता. मी गाडी हळू केली आणि पुन्हा पळवली.

पक्ष्यांना बघणारी जी डॉक्टरीण आहे, तिने एक्स-रे फोटो काढला. काळ्या काचेवर गरुडाच्या पोटात पांढरे कण, तुटक्या तांदळासारखे. ती तरुण आहे. शांतपणे म्हणाली, "कुणी तरी शिशाने हरीण मारून टाकून दिलं असणार. तुमच्याकडे कोण करतं असं?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

सदाए म्हणाली, "ह्यांनीच मारलं ते हरीण."

तेवढंच म्हणाली. माझ्याकडे न बघता. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला चारचौघांत कधी खोटं पाडलं नव्हतं.

डॉक्टरीण माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "इथे तारीख लिहा, हरीण कुठे पडलं ते लिहा. मला उपयोग होईल." मी लिहिलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, पक्षी गेला.

मला तुमचा राग येतो. तुम्ही तेव्हा जे लिहिलंत ते खरं होतं म्हणून जास्त येतो. तुमच्या गोळीने ती हरिणी तशी मेली नसती तर मी जुन्या डब्याला हात लावला नसता, हेही मला म्हणायचंय आणि म्हणतोय. डोळ्यांचं सांगायचं राहिलं. नोव्हेंबरातच गुपचूप जाऊन तपासले होते. दोन्ही ठीक. डॉक्टरने ठीक म्हटलं तेव्हा मी निराश झालो. डोळे खराब निघाले असते तर निदान कळलं असतं, काय चुकतंय.

डब्यात राहिलेल्या गोळ्या सोळा आहेत. त्या पोलीस चौकीत नेऊन देईन, म्हणजे सगळं सांगावं लागेल. सांगेन.

आणि तुमचं मोजमाप केलं. उशिरा. गज तीस सेंटिमीटर आत गेल्यावर खूण वर आली. नीट मोजलं, चार वेळा. थोडंफार कमीजास्त असेल. याचा अर्थ काय?

योशितोमो


नुकागा बंदूकघर, कुशिरो
२३ जानेवारी

भावजी,

अर्थ सांगते. तुम्ही बसून वाचा.

गोळी सरळ जाते ती फिरते म्हणून. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसंच. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब करावी लागते. आणि लांब गोळीला जास्त वेगाने फिरवावं लागतं. तुमच्या नळीचे आटे सावकाश वळतात, तीस सेंटिमीटरला एक वेढा. जुन्या, आखूड, शिशाच्या गोळीला ते भरपूर आहे. एकशे ऐंशी ग्रेन वजनाच्या तांब्याच्या गोळीला पुरत नाही. ती डुलत जाते, थंड हवेत तर आणखीच. तुम्ही पाठवलेल्या कागदावर दोन भोकं गोल नव्हती, लांबट होती. गोळी आडवी होऊन कागदात शिरली होती. तुमच्या नळीला एकशे पन्नास ग्रेनची हवी. तेवढाच बदल. बाकी रायफलमध्ये काही खोट नाही.

हे मला कागद बघताच कळलं होतं. मग मोजायला का सांगितलं? कारण तुम्ही स्वतः मोजून स्वतः शोधलं असतं, तर मला आधीच ठाऊक होतं हे कुणाला कधी कळलं नसतं.

कागदाच्याही आधीपासून ठाऊक होतं, भावजी. गल्ल्याच्या खणात यांची वही आहे, वर 'नुकागा हिरोत्सुगु' लिहिलेली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रायफलचं एक पान. तुमच्या पानावर यांच्या अक्षरात लिहिलंय, तसंच्या तसं उतरवते: 'योशी. आटे सावकाश. तांब्यात एकशे पन्नासच द्यायची. एकशे ऐंशीच मागेल, ऐकणार नाही. तरी देऊ नये.'

ऑक्टोबरात तुम्ही हिरुमा आणि त्या दोघांना घेऊन आलात. दोन वर्षांत पहिल्यांदा. बूट झटकले नाहीत. यांच्या फोटोकडे पाहिलं नाहीत. गल्ल्यावर हात ठेवून म्हणालात, "एकशे ऐंशी. नेहमीसारखी. सरकारने सांगितलंय म्हणून तांब्याची." हिरुमा हसला. माझा हात खणावर होता. मी खण उघडला नाही. म्हटलं, घे. ने तुझी एकशे ऐंशी. चुक चार माणसांसमोर, आणि बघ कसं वाटतं.

मला तुमचा नेम चुकायला हवा होता. तुमच्या माणसांनी तुम्हाला हसावं, त्यांना हसले होते तसं, एवढंच मला हवं होतं. गोळी चुकते तेव्हा ती कुठे तरी लागतेच, हे मला बंदुकीच्या दुकानात तीस वर्षं उभं राहून सुचलं नाही. किंवा सुचलं आणि मी तिकडे बघितलं नाही. तुमचं नोव्हेंबरचं पत्र आलं, त्यात ओढा, कोल्हे. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी तुम्हाला नळी धुवायला लावली. धुणं गरजेचं होतं, खोटं सांगितलं नाही. पण अर्धंच सांगितलं, आणि ते उजळ तोंडाने सांगितलं. डिसेंबरात तर तुम्हाला यांच्या नावाने वाट्टेल ते लिहिलं. यांनी 'देऊ नये' लिहिलं होतं आणि मी दिली.

तो गरुड तुमच्या एकट्याचा नाही.

काय म्हणायचं ते म्हणा.

किवा


उराकोनाई
११ फेब्रुवारी

किवावहिनी,

तुमचं पत्र मी चुलीत घातलं. सदाएने चिमट्याने बाहेर काढलं, एक कोपरा जळलाय. त्यानंतर आठ दिवस तुमचं नाव या घरात निघालं नाही.

माझ्यावर राग काढायचा होता तर माझ्यावर काढायचा होतात. दुकानातून हाकलायचं होतंत. त्या तिघांसमोर कानाखाली वाजवायची होती, मी खाल्ली असती. वहीतलं पान फाडून माझ्या तोंडावर फेकायचं होतंत. दादाने तुमच्यावर विश्वास ठेवून ती वही ठेवली, आणि तुम्ही तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिलात. मी सभेत गप्प बसलो, तुम्ही गल्ल्यावर गप्प बसलात. तुमच्यात आणि माझ्यात फरक आहे असं दोन वर्षं मला वाटत होतं. म्हणून तुमच्या दुकानात पाय टाकायला भीती वाटायची, आणि म्हणून त्या तिघांना घेऊन आलो. बूट झटकायचं भानही नव्हतं. आता तेवढीही भीती उरली नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दादाचं पत्र मला मिळालं होतं. उत्तर लिहायला बसलो की टोपी आठवायची.

काय काय झालं ते कळवतो. सोळा गोळ्या चौकीत दिल्या आणि जबाब लिहून दिला. रायफल सध्या त्यांच्या कपाटात आहे. परवान्याचं वसंतात ठरेल. जाईल, असं तिथला माणूस म्हणाला, नम्रपणे. परवा शिकाऱ्यांची सभा झाली. मी उभा राहिलो. हरिणीपासून गरुडापर्यंत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे मला आवडलं नाही. दादाला हसले होते. मला का नाही? मी तसं विचारलं. सगळे जमिनीकडे बघायला लागले. हिरुमा म्हणाला, "बस आता, योशितोमो-सान." मी म्हणालो, "गरुडाशी लग्न कर असं कोण म्हणालं होतं, त्याने उभं राहावं." कुणी उठलं नाही. आवाज कुणाचा होता ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

रायफल चौकीत देण्याआधी एक काम केलं. एकशे पन्नासच्या तांब्याच्या गोळ्या ओबिहिरोहून आणल्या. तुमच्याकडून नाही. जाऊन-येऊन पाच तास लागले. दुसऱ्या दिवशी मैदानावर झाडल्या. कागद सोबत आहे. पाच गोळ्या, भोकं गोल, एकमेकांना चिकटून. जुन्या शिशाच्या कागदापेक्षा चांगली. मी उठलो नाही, तिथेच पालथा पडून राहिलो. ऑक्टोबरात हे एका वाक्यात मिळालं असतं.

हा कागद दुकानात लावा. गल्ल्यामागे, दादाच्या फोटोखाली, येणाऱ्याला दिसेल असा. त्याच्याशेजारी लांबट भोकांचा कागद लावा. खाली काय झालं ते लिहा. माझं पूर्ण नाव लिहा. तुमचंही पूर्ण नाव लिहा. कमी लिहिलंत तर मी येऊन स्वतः लिहीन.

मार्चमध्ये दादाच्या थडग्यावर जाणार आहोत, बर्फ वितळल्यावर. सदाए म्हणते तुम्हाला कळवावं. कळवलं.

योशितोमो


नुकागा बंदूकघर, कुशिरो
१९ फेब्रुवारी

भावजी,

दोन्ही कागद लावले. खाली हे लिहिलंय:

'डावीकडचा आणि उजवीकडचा कागद एकाच रायफलचे, एकाच माणसाचे. नुकागा योशितोमो, उराकोनाई. डावीकडे त्याच्या नळीला न मानवणारी गोळी. ती विकली नुकागा किवा हिने, याच दुकानात, आपल्या हाताने. ती मानवणार नाही हे तिला ठाऊक होतं. त्या गोळीने जखमी होऊन एक हरिणी ओढ्यात रात्रभर जिवंत पडून राहिली. त्यानंतर योशितोमोने शिसं वापरलं आणि एक समुद्रगरुड मेला. इथे नळी मोजल्याशिवाय कुणालाही गोळी मिळणार नाही.'

शेवटचं वाक्य तुम्ही सांगितलं नव्हतं. ते यांचं आहे असं समजा.

ओबिहिरोहून आणलीत ते बरोबर केलंत. मीही तेच केलं असतं. पत्रात तुम्ही मला जे म्हणालात त्यातलं मी काही खोडत नाही, आणि डिसेंबरात तुम्हाला जे म्हणाले त्यातलंही सगळं परत घेत नाही. टोपीचं खरं होतं. खणाचंही खरं आहे. थडग्यावर येईन. शेजारी उभं राहायचं की नाही ते तिथे ठरवा.

कागद लावल्यापासून दुकानात सात माणसं आली. दोघं वाचून काही न घेता गेली. एकाने विचारलं, "ही किवा कोण?" मी म्हटलं, "मी." त्याने बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

काल हिरुमा आला. एकटाच. टोपी काढून दोन्ही कागदांसमोर उभा राहिला, ओठ हलवत वाचलं. मला वाटलं आता काही तरी झोंबणारं बोलेल. तो म्हणाला, "म्हणजे हे तुम्ही दोघांनी मिळून केलंत."

मी म्हटलं, "हो."

"आणि लग्नाचं ते मी म्हणालो होतो. हिरोत्सुगु-सानना."

मी म्हटलं, "ठाऊक आहे."

"मग तेही लिहा की खाली," तो म्हणाला. मी त्याच्या हातात पेन दिलं. मग त्याने लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव, पूर्ण.

किवा